शंभर टक्के निकालास अनावृत पत्र

श्री. शंभर टक्के निकाल,
मुक्काम : शाळेचं फाटक, परळ, मुंबई 400012



यंदाही आपण अगदी वेळेवर आलात. बोर्डाचा निकाल दुपारी एकला लागला आणि चार वाजायच्या आत आपण फाटकावर चढलात. वर हात जोडलेले संस्थाचालक, मधोमध ठसठशीत आपण, खाली गुणवंतांचे पासपोर्ट फोटो आणि कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून नगरसेवकपदाचे दोन उमेदवार. फ्लेक्स आदल्या दिवशीच छापून ठेवला असणार, असं कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला. मी त्याला झापलं. निकाल दोन वर्षं आधीच ठरलेला असतो, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

आपली कामाची पद्धत मला फार आवडते. कच्च्या मुलाला शिकवून पास करायचं म्हणजे संध्याकाळी जादा तास घ्या, घरी जा, आईबापांना भेटा, अपूर्णांकापासून सुरुवात करा, कटकट आहे. त्यापेक्षा ते मूलच वजा केलं की टक्का आपोआप वर येतो. हे गणित पुस्तकात नाही, पण शाळेच्या ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून आपण सभ्यपणे आठवी संपायची वाट बघता. नववीत मात्र हात मोकळे. सहामाहीत कोण काठावर आहे, गणितात कोण बुडणार, कुणाची हजेरी कमी आहे, याची यादी दिवाळीपर्यंत तयार होते. दहावीला बसायचं तर 75 टक्के हजेरी लागते. मुलं शाळेत यावीत म्हणून हा नियम केला होता म्हणे. आपण मात्र त्याचा उपयोग मुलं शाळेबाहेर घालवायला करून दाखवलात. कल्पकता यालाच म्हणतात.

आमच्या चाळीतला एक मुलगा आपल्या यादीत होता. त्याच्या आईबरोबर मी ऑफिसात गेलो होतो. ती इस्पितळात पेशंटजवळ रात्रपाळीला बसते. पोरगा पहाटे चारला दादरच्या फूलबाजारात गोंड्याच्या गोणी उचलतो. सातची शाळा गाठेपर्यंत त्याला अर्धा तास उशीर होतो. सात दहाला फाटक बंद. मग दिवसभर गैरहजर. फाटकापर्यंत रोज येणारा मुलगा हजेरीपटावर महिनोन् महिने आलाच नाही, हेही आपल्याच शिस्तीचं फळ.

ऑफिसातल्या बाई फार गोड बोलल्या. "ताई, मुलावर ताण नको. सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून आरामात अभ्यास करू दे." अर्जाचा नमुना तयारच होता, झेरॉक्सची झेरॉक्स. 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने पाल्याचा दाखला मागत आहे.' इतक्या वेळा काढलेली ती प्रत की त्यातलं 'अडचणी' पार पुसट झालेलं, 'स्वखुशीने' मात्र ठळक. नावापुरती जागा रिकामी. ताईंनी सही केली. शिपायाने आधीच शाईचा पॅड पुढे सरकवला होता. ही बाई अंगठा लावणार, असं त्याने गृहीत धरलं असावं. दुसऱ्या दिवसापासून वर्गाची हजेरी सुधारली. सुधारणारच! रोज गैरहजर लागणारं एक नाव पटावरून गेलं.

सतरा नंबरचा फॉर्म वाईट नाही. ज्यांची शाळा कधीच सुटली, त्यांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून तो आहे. आपण त्याचं शाळेचं मागचं दार केलंत. आणि आपल्याला साथ द्यायला खुद्द बोर्ड आहेच. 2025 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 94.10 टक्के म्हणून पेपरात छापून आला, तो नियमित विद्यार्थ्यांचा. सतरा नंबरवाल्यांचा हिशेब वेगळा, तो कुणी फाटकावर लावत नाही.

तसे आपले आकडे हवेप्रमाणे बदलतात, हे आम्ही पाहिलंय. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेतले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून धाडकन 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल 95.30. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं इतकी हुशार झाली! 2021 ला तर परीक्षाच झाली नाही आणि 99.95 टक्के पास. वर्गात कुणी नाही, परीक्षेला कुणी नाही, नापासही जवळपास कुणी नाही. आपल्या घराण्याचा तो सुवर्णकाळ.

आता एक आगाऊपणा करतो. आपण ज्या परळमध्ये लटकता, तिथे आपल्याशिवायही शाळा चालत. कामगारनेते ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. पाळी सुटलेला माणूस कोंदट वर्गात येऊन बसायचा, पेंगायचा, तरी यायचा. 1982 चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा याच भागातली कितीतरी पोरं दप्तर ठेवून भाजीच्या गाडीवर उभी राहिली. त्यातली काही रात्री पुन्हा वर्गात आली, कारण वर्ग रात्री उघडा होता. आजही कॅन्टीनमधली, कुरिअरची, दुकानातली पोरं संध्याकाळी साडेसहाला या रात्रशाळांत येतात. तिथले मास्तर हजेरी वाढवायला काय करतात, ऐकाल? शेठला फोन करतात, "पोराला सहाला सोडा हो." पहिल्या तासाला उशीर झाला तरी आत घेतात. 2008 पासून 'मासूम' ही संस्था मुंबईच्या रात्रशाळांबरोबर काम करते. तिने आधी ओळखलं की दिवसभर राबलेल्या पोराला व्याकरणाआधी काहीतरी खायला लागतं. सरकारनेही हातभार लावला: 2017 मध्ये दिवसा एका शाळेत नि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांना रात्रशाळांतून घरी पाठवलं. कसलेले मास्तर गेले, रात्रशाळा अडखळल्या. या शाळांचे निकाल आपल्याइतके देखणे नसतात. त्या मुलं निवडून घेत नाहीत ना, हाच त्यांचा दोष.

कवी नारायण सुर्वे याच परळच्या चाळीत वाढले. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून आणलेलं पोर. चौथीपर्यंत शाळा, मग मिळेल ती कामं. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल त्यांनी 1957 मध्ये, तिशी ओलांडल्यावर दिली, आणि पुढे मुंबईच्या शाळेत मास्तर झाले. आपल्या हिशेबात ते बसले नसते. त्यांच्यासाठी झेरॉक्स तयार असती.

तर विनंती एवढीच. पुढच्या निकालाला चढाल तेव्हा आपल्याखाली आणखी दोन आकडे असू द्या. दोन वर्षांपूर्वी या शाळेत नववीला किती मुलं आली, आणि त्यातली किती याच शाळेतून दहावीला बसली. शोधायला लांब जावं लागणार नाही. प्रत्येक मुलाची नोंद सरकारच्या 'यूडायस' नोंदवहीत आहे; आला, गेला, दाखला कधी घेतला, सगळं. संस्थाचालकांचा एखादा फोटो कमी केलात तर जागा आरामात निघेल. फ्लेक्सवाला चौरस फुटावर पैसे घेतो. दोन आकड्यांनी बिल वाढायचं नाही.

आपला,
फाटकाबाहेरचा एक शेजारी