भिंगवाले काका

ऑक्टोबरच्या भर उन्हात विजापूर रोडच्या कडेला एखादे गृहस्थ जमिनीला नाक लावून बसलेले दिसले, तर चक्कर आली समजून पाणी मारायला धावू नका. ते आमचे भिंगवाले काका. उभा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला. कापडाच्या इंचात धागे किती, हे मोजायचं भिंग निवृत्तीनंतरही खिशात राहिलं. आता त्यातून ते पुंकेसर मोजतात.

पाऊस पडला की उगवायचं, फुलायचं, बी टाकून दोन-तीन महिन्यांत मोकळं व्हायचं, अशा रोपट्यांवर त्यांचा जीव. त्यांना नाव विचारलंत की संपलंच! "नाव मागाहून. आधी सांगा, पानं समोरासमोर की एकाआड एक?" दुधी मोडून चीक दाखवला तरी समाधान नाही. आपण जिला एक फूल म्हणतो ती कितीतरी बारीक फुलांची जुडी असते, हे पटेपर्यंत सुटका नाही. केना मातीखालीही फुलतो आणि ती फुलं कधी उमलतच नाहीत, हे दाखवण्यापायी त्यांनी शेजाऱ्यांची कुंडी रिकामी केली. वाद वाढला तर कुकसाहेबांचा 1901 ते 1908 दरम्यान निघालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ पंच म्हणून येतो. निकाल विरुद्ध गेला, तर चूक कुकसाहेबांची.

मंडईत घोळ आणि चिवळ शेजारी मांडलेली. काका भिंग काढून, "चिवळीच्या पेराला केस असतात, पाकळ्या चार. घोळीला पाच..." भाजीवाली वैतागली, "काका, भाजी घ्यायची हाय का सोयरीक जमवायची?"

सोयरिकीतही तेच. पुतणीला बघायला आलेल्या मुलाबद्दल मत विचारलं, तर म्हणाले, "वाढ चांगली आहे, पण फळ धरल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही."

मात्र मंगळवेढ्याच्या पाहुण्यांची ज्वारी पिवळी पडली, तेव्हा सगळे खताच्या नावानं बोटं मोडत होते. काकांनी ताटाच्या बुडाशी बसून इवल्या फुलांचं रोप दाखवलं. टारफुला! ज्वारीच्या मुळांना चिकटून तिच्या जिवावर जगणारा. "बी धरायच्या आत उपटा. एका रोपाच्या हजारो बिया, अन् त्या वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतात."

माणूस तऱ्हेवाईक, पण निदान पक्कं. पिकात अनोळखी रोप दिसलं, तर आधी काकांना गाठा. औषधाच्या दुकानात मग जा.