उपटू नोका

मौद्यात आमच्या गल्लीत एक आंगण असं आहे, की पाहणाऱ्याला वाटावं घरमालक गाव सोडून गेला. तरोटा गुडघाभर, कंबरमोडी पायरीपर्यंत, फाटकाला रुई टेकलेली. मालक आतच असतात. बहुधा पोटावर पडून, हातात भिंग.

साहेब कृषी खात्यातून निवृत्त. खोडकिड्यावर काय फवारायचं, तुडतुड्यावर काय, हे तीस वर्षं धानाच्या बांधावर उभं राहून सांगितलं. पेन्शन सुरू झाली अन् साहेब किड्यांच्या पार्टीत गेले. गाजरगवत तेवढं अजून उपटतात. जुन्या नोकरीची आठवण म्हणून एखादा शत्रू लागतोच.

काकूंचा गोडनिंब अळ्यांनी पार खराटा केला. "अजी, फोडणीला काय टाकू?"

"बाजारात मिळते ना! अळीला कुठचा बाजार?" वर कायदाही सांगितला: 2015 साली शासनानं निलवंताला राज्य फुलपाखरू केलं, त्याची अळी लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. म्हणजे झाड काकूंचं राहिलंच नाही, शासनाचं झालं.

लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून तिला कोणी खात नाही. हे त्यांनी नव्या व्याह्यांना सांगितलं, पोह्यांची बशी त्यांच्या हातात असताना. ती तशीच परत गेली.

मिरगाचा किडा घेऊन पोरं धावत आली, तर कौतुक दूरच. "पाय मोज! आठ? मग किडा कसा? कोळ्याचा भाऊबंद आहे तो." पोरं हिरमुसली.

मध्यंतरी कुंभारमाशीनं पुढच्या दाराच्या कुलपाचं भोक मातीनं लिंपलं. तेव्हापासून घरची मंडळी मागच्या दारानं. अळ्या बेशुद्ध करून ही माशी घरट्यात कोंबते, पिलांचा डबा म्हणून. काकूंनी नेमकं तेच धरलं, "तुमच्याच अळ्या नेऊन राहिली ना ते?"

साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो त्यांच्या घरचा मामला."

मी हसायचो. परवा माझ्या फाटकात, गाडी उभी करतो तिथंच, वीतभर रुई उगवली. उपटायला वाकलो तर कुंपणावरून आवाज, "भाऊ, उपटू नोका! पानाखाली अंडं आहे." रुईचा विषारी चीक खाऊन अळी वाढते, म्हणून पुढं फुलपाखरूही पाखरांना कडू लागतं, हे मला तिथंच उकिडवं बसवून समजावलं. मग खिशातून सुतळी काढून रोपाभोवती चार काड्यांचं कुंपण केलं.

गाडी सध्या रस्त्यावर असते.