साठ हजारांचं पाकीट

मध्य प्रदेशातल्या आमच्या बागलीत मेडिकलवर जाऊन ‘साठ हजार द्या’ म्हटलं, तरी दुकानदार दचकत नाही. मागे वळतो आणि एक चकचकीत पाकीट काचेवर ठेवतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटं, दुधात ढवळून आठवड्याला एक. डॉक्टरची चिठ्ठी असली तर उत्तम, नसली तरी शेजारच्या काकूंनी सांगितलेलं असतंच.

पाकीट ज्याच्यासाठी, ते चिरंजीव बाहेर स्कूटीवर बसलेले. वय अकरा, टी-शर्ट बाबांच्या मापाचा, हातात शेवेची पुडी. असं पोर दिसलं की आमच्या मालव्यातल्या बायकांचा जीव थंड होतो. ‘खात्यापित्या घरचा आहे हो!’ वाळक्या पोराच्या आईला मात्र लग्नाच्या मांडवात चार जणी गाठतात आणि विचारतात, ‘काय गं, खायला-बियला घालतेस की नाही?’

मग कुठल्याशा तापाच्या निमित्तानं खात्यापित्या घरच्याचं रक्त इंदूरला जातं. कागद येतो: ड कमी, बी-१२ कमी, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, जास्त. घरात सुतक. ‘अहो, पण हा तर सगळं खातो!’

खातो, यात वादच नाही. सकाळी पोहे, वर जीरावन मसाला आणि मूठभर शेव. पोह्यांना सोबत हवी म्हणून जिलबी. मधल्या सुट्टीत कचोरी. संध्याकाळी दूध, पण त्यात दोन चमचे ‘ताकदीची’ पावडर, म्हणजे बरीचशी साखरच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानदारांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यात मांडू नका. रकाना बदलला. आमच्या ओट्यावरचा डबा जिथल्या तिथे आहे.

ड जीवनसत्त्वाचा तर मालव्यात तुटवडा असायलाच नको. मे महिन्यात इथं ऊन इतकं, की कावळाही झाडाखालून निघत नाही. पण अंगावर ऊन पडायला पोर आधी घराबाहेर पडलं पाहिजे. ते शाळेच्या व्हॅनमधून क्लासला जातं आणि क्लासमधून मोबाइलवर येतं. त्यात हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं. जितकी चरबी जास्त, तितकं ते तिच्यात जाऊन बसतं आणि रक्तात कमी उरतं. बोस्टनच्या संशोधकांनी २००० साली हे मोजून दाखवलं. जाड आणि सडपातळ अशा प्रौढांना सारखाच कृत्रिम सूर्यप्रकाश दिला, तर जाड मंडळींच्या रक्तात ड जीवनसत्त्व ५७ टक्के कमी वाढलं. म्हणून लठ्ठ माणसाला कमतरता भरून काढायला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट मात्रा लागते, असं डॉक्टर सांगतात. त्यांचं वाक्य इथं संपतं. आमच्या काकू ते पुढे चालवतात: ‘म्हणजे पाकिटं वाढवा, वजन आपोआप उतरेल.’

उतरत नाही. २०१३ साली हजारो लोकांची जनुकं तपासून हाच प्रश्न विचारला गेला, आधी कोण, लठ्ठपणा की ड ची कमतरता? उत्तर एकाच बाजूचं आलं. वजन वाढलं की ड कमी होतं. ड कमी असल्यानं वजन वाढतं, याला पुरावा सापडला नाही. म्हणजे पाकिटानं कागदावरचा आकडा सुधारेल, हाडांचंही भलं होईल, पण पोट तिथंच राहील. आणि मोजमाप न ठेवता पाकिटं ओतत राहिलं, तर रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, पुढे मूत्रपिंडाला त्रास. साठ हजारांची उधळपट्टी तिथंही महागच पडते.

मानेचं प्रकरण याहून नाजूक. पोराच्या मानेमागे काळपट, जाडसर पट्टा दिसायला लागतो. आईला वाटतं मळ. मग रविवारी न्हाणीघरात पाटावर बसवून आधी बेसन, मग लिंबू, शेवटी भांड्यांची घासणी. मान लालबुंद होते, पोर किंचाळतं, पट्टा हलत नाही. आजी दारातून निकाल देतात, ‘मेल्याला नीट अंघोळच नको!’ तो मळ नाही, आजी. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की शरीर ते आणखी आणखी तयार करतं, आणि इतकं इन्शुलिन रक्तात फिरलं की कातडी अशी जाड आणि काळी होते. मधुमेह दारात येऊन चपला काढतो आहे, आणि आपण त्याच्या चपलांना साबण लावतोय. हा पट्टा बघायला रक्त काढावं लागत नाही, इंदूरला जावं लागत नाही, कॉलर खाली केली की झालं. फुकट असल्यामुळेच बहुधा कोणी बघत नाही.

आता वाळक्या पोराच्या आईनं हसू नये. तिच्यासाठी पुण्याहून निरोप आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलांचा पाठपुरावा करत आले आहेत. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, स्नायू कमी, पोट लहान. कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तितकीच. दिसायला काडी, आतून लोण्याची. दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा गरोदरपणी ज्यांच्या आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्यातच इन्शुलिनला दाद न देण्याचा दोष सर्वांत अधिक दिसला. हे फोलेट ज्यांतून मिळतं, त्या फोलिक अ‍ॅसिडच्या लाल गोळ्या सरकार वाटतं, त्या घ्याव्यातच. रक्त आणि बाळाच्या पाठीचा कणा त्यांवर अवलंबून आहे. पण त्या गोळीत बी-१२ नव्हतं आणि ताटातही नव्हतं.

याज्ञिकांचा एक फोटो जगभर गाजला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२. वजनकाट्याची याहून सभ्य फजिती माझ्या पाहण्यात नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ च्या वाढतक्त्यात जास्त वजनाची रेघ प्रौढांच्या बीएमआयच्या २५ ऐवजी २३ शी जुळवून खाली ओढली, ती याच जातीच्या कारणांनी. आमच्या घरोघरी ती रेघ अजून पँटच्या इलॅस्टिकवर आहे.

२०१६ ते १८ या काळात केंद्रानं देशभरच्या मुलांचं रक्त तपासलं. पाच ते नऊ वयात जास्त वजनाची मुलं शंभरात चार. ट्रायग्लिसराइड चढलेली शंभरात चौतीस! बाकीची निदान तीस कुठून आली? ती मांडवात ‘खायला घालतेस की नाही’ ऐकणाऱ्यांच्या घरातूनच आली. दहा ते एकोणीस वयात बी-१२ कमी असलेली ३१ टक्के, ड कमी असलेली २४ टक्के.

बी-१२ झाडाला लागत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून येतं. सोयाबीनचा सगळा मालवा खाल्लात तरी मिळायचं नाही. दुधातून मिळतं, आणि मालव्यात गाई-म्हशींना तोटा नाही. पण खेड्यात सकाळचं दूध कॅनमधून डेअरीला जातं आणि पोराच्या वाट्याला चहा येतो. उरलं अंडं. अंडं म्हटलं की भोपाळला ताप चढतो.

२०१५ मध्ये अलीराजपूर, मंडला आणि होशंगाबाद या तीन जिल्ह्यांच्या अंगणवाड्यांत अंडी देऊन बघू, असा प्रस्ताव होता. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो साफ नाकारला. २०१९ मध्ये कमलनाथ सरकारच्या मंत्री इमरती देवींनी अंड्याचं नाव पुन्हा काढलं, तेव्हा विरोधी पक्षनेते गोपाल भार्गव यांना चिंता पडली की अशा सवयीनं मुलं मोठेपणी नरभक्षक होतील. पुढे इमरती देवींनीच पक्ष बदलला, नव्या सरकारातही त्या मंत्री झाल्या, अंडं मात्र जुन्या पक्षातच राहिलं. सप्टेंबर २०२० मध्ये अंड्याऐवजी दूध जाहीर झालं. दूध वाईट नाही, रोज आणि खरंखुरं मिळालं तर छानच. गंमत इतकीच, की बागली हा राखीव मतदारसंघ, उदयनगरकडच्या भिल्ल-बारेला पाड्यांवर कोंबडी अंगणात फिरते आणि तिथं अंड्याचा विटाळ कोणाला नाही. विटाळ आहे तो फाइलीला. बागलीनं राज्याला कैलाश जोशींच्या रूपानं १९७७ मध्ये एक मुख्यमंत्री दिला. कुठल्याही मुख्यमंत्र्याच्या सहीनं बागलीच्या अंगणवाडीत अंडं काही पोचलं नाही.

महाराष्ट्रानं आपल्याला हसू नये. तिथं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे थांबवले. हवं असेल तर लोकसहभागातून द्या, म्हणाले. म्हणजे वर्गणी. ही युक्ती आमच्याकडे आली तर अडचण पैशांची नसेल, भंडाऱ्याची वर्गणी बागलीत दोन संध्याकाळींत गोळा होते. पण अंड्याच्या पावतीपुस्तकावर पहिलं नाव कोणाचं घालायचं, यावर समितीच्या बैठका सुरू राहतील, आणि बैठकीला नाश्ता म्हणून कचोरी येईल.