उत्तेजनार्थ

दिवाळीतला मातीचा किल्ला पुण्याच्या सोसायटीत होतो, साताऱ्याच्या वाड्यात होतो, डोंबिवलीच्या गॅलरीत कुंड्या सरकवूनही होतो. भोर-वेल्ह्यात मात्र किल्ला करायला छाती लागते. इतर गावांत परीक्षक मुलाच्या किल्ल्याची तुलना पुस्तकातल्या चित्राशी करतो. इथे तो नुसती मान वर करतो. वेल्ह्यातल्या अंगणात तोरणा करावा, तर मागे खरा तोरणा उभा. १४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड. प्रगतिपुस्तकावर सही करायला आलेल्या वडिलांसारखा तो काही न बोलता बघत असतो. गुंजवण्यात किंवा पाल बुद्रुकला राजगड डोक्यावर, भोरजवळच्या बाजारवाडीत रोहिडा डोक्यावर. त्यात राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली वेल्हे तालुक्याला राजगड हेच नाव द्यायचं ठरवलं. म्हणजे राजगड करायला बसलेला चौथीतला मुलगा एका परीनं अख्खा तालुकाच करायला बसलेला असतो. नक्कल समोर आणि अस्सल पाठीमागे, अशी परीक्षा बोर्डानेही अजून कुणाची घेतलेली नाही.

ही कारागिरी हसण्यावारी नेण्यासारखी नाही, जरी तिच्यात हसण्यासारखं पुष्कळ असलं तरी. खाली विटा, दगड आणि फुटकं घमेलं. त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट. त्यावर चाळलेली माती आणि तिच्यात अळीव किंवा मोहरी. पाणी शिंपडत राहिलं की चार दिवसांत सह्याद्रीवर जंगल उगवतं. वनखात्याला हा वेग साधलेला नाही. मग बाजारातून चित्रं येतात आणि प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो. मावळा बोटाएवढा आणि वाघ वितीएवढा. तो गुहेतून नुसता आळस द्यायला बाहेर आला, तरी बालेकिल्ल्याची शिबंदी गारद व्हायची. पायथ्याच्या गावात गवळण, भाजीवाली, बँडवाले आणि एक ट्रॅफिक पोलीस. सतराव्या शतकात वाहतुकीचा खोळंबा होत असावा, असं त्याच्यावरून कुणाला वाटेल. तरीही गोणपाटाला नेमकी कुठे चुणी घातली की सोंड दिसते आणि कुठे ओढून बसवलं की कडा दिसतो, हे ज्या हातांना कळतं त्यांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त भूगोल कळलेला असतो.

एवढं झाल्यावर स्पर्धा येते आणि स्पर्धेमागून परीक्षक. परीक्षक किल्ल्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात, ‘कुठला किल्ला?’ असं विचारतात, मूल एका श्वासात पाठ केलेली माहिती म्हणून टाकतं, परीक्षक कागदावर काहीतरी लिहितात, कागद घडी करून खिशात ठेवतात आणि पुढच्या अंगणात जातात. काही दिवसांनी निकाल लागतो: पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ. माझी तक्रार निकालाबद्दल नाही, त्या घडी केलेल्या कागदाबद्दल आहे. मुलाला हवं ते सगळं त्या कागदावर असतं आणि मुलाला मिळतो स्टीलचा डबा. माझं म्हणणं एवढंच, की हातांनी केलेल्या वस्तूंच्या स्पर्धेत क्रमांक ही दुय्यम गोष्ट आहे. मुख्य गोष्ट कारण. कारण न सांगता दिलेला पहिला क्रमांकही फुकट जातो, आणि कारण सांगून दिलेला शेवटचा क्रमांक पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतो.

कारण सांगितलं नाही, म्हणून मुलं ते शोधायची थांबत नाहीत. ती शोधतातच, आणि चुकीचं शोधतात. समजा, पहिल्या आलेल्या किल्ल्यात सलाईनच्या नळीचं कारंजं होतं. परीक्षकांनी बक्षीस दिलं असेल ते कदाचित दरवाजाच्या वळणाला. पण वळण कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारंजं भरतं. मग पुढच्या वर्षी गावातल्या प्रत्येक गडावर कारंजं उडणार, राजगडावर उडणार, रोहिड्यावर उडणार, आणि जिथे शिबंदीने पावसाचं पाणी टाक्यांत साठवून उन्हाळा काढला, तिथे सकाळ-संध्याकाळ मोगल बागेचा थाट होणार. हा मुलांचा दोष नव्हे. उत्तर कुणी दाखवलं नाही, की वर्ग शेजाऱ्याच्या पेपरात बघतो. एरवी पालकही मागे राहत नाहीत. ‘सजावटीला गुण असतात’ अशी कुणकुण लागली, की वडील रजा टाकून थर्माकोल कापायला बसतात आणि मुलाच्या वाट्याला माती भिजवायचं काम येतं.

आता खऱ्या गडांकडे पाहू, कारण या भागात पुरावा हवा असला तर बस पकडावी लागत नाही. खऱ्या गडाचीही परीक्षा होत असे, फक्त परीक्षक तोफ घेऊन यायचा आणि शेरा दगडात लिहायचा. तोरणा १६४६-४७च्या सुमारास स्वराज्यात आला. गड प्रचंड, म्हणून त्याचं दुसरं नाव प्रचंडगड. पण राजधानीला लागणारी ऐसपैस सपाटी तिथे नव्हती. ती उणीव हेरून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. मधोमध बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या. पैकी संजीवनीला दुहेरी तटबंदी. बाहेरचा तट पडला म्हणजे गड पडला असं होऊ नये, म्हणून आत आणखी एक तट. पहिल्या किल्ल्याच्या उणिवा वाचून दुसरा किल्ला करणं म्हणतात ते हेच. सुमारे पाव शतक राजधानी राजगडावर राहिली आणि मग रायगडावर गेली. म्हणजे पुढेही कुणीतरी उणीव वाचतच होतं. १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि १२ राखले, त्या बारांत राजगड आणि तोरणा होते. कोणता किल्ला हातचा जाऊ द्यायचा आणि कोणता नाही, याहून कडक गुणांकन दुसरं कुठलं असणार?

त्यानंतर १७०४ साली बहिःस्थ परीक्षक स्वतः आले. औरंगजेबाने आधी राजगड घेतला, मग तोरणा घेतला, आणि दोघांची नावं बदलली. तोरण्याला त्याने फुतुहुल्गैब, म्हणजे दैवी विजय, असं नाव दिलं. हाही शेराच, पण त्यात गडाविषयी एक अक्षर नाही, सगळी परीक्षकाचीच स्तुती. असले शेरे टिकत नाहीत. काही वर्षांतच दोन्ही गड मराठ्यांकडे परत आले आणि नावंही परत आली. खरी उत्तरपत्रिका तपासली ती मात्र रामचंद्रपंत अमात्यांनी. त्या सगळ्या धामधुमीतून गेलेल्या या माणसाच्या नावावर असलेलं, १७१५-१६च्या सुमाराचं ‘आज्ञापत्र’ उघडावं आणि त्यातलं दुर्गांचं प्रकरण वाचावं. गड बांधण्याआधी पाणी पाहा. एका झऱ्यावर विसंबू नका, कारण तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो, म्हणून टाकी खोदा. दरवाजा एकच ठेवू नका, चोरदिंडी ठेवा. दारूखाना राहत्या घरांजवळ नको, आणि दारू ठरावीक दिवसांनी उन्हात वाळवा. प्रत्येक सूचनेशेजारी तिचं कारण. ‘सजावट’ नावाचा रकाना नाही. तीनशे वर्षांपूर्वीचं हे गुणपत्रक आजच्या कुठल्याही मंडळाने जसंच्या तसं छापून घ्यावं. फक्त दारू वाळवण्याचं कलम मुलांच्या हाती पडू देऊ नये.

दारूवरून आठवलं. अमेरिकेत १७५० आणि १७६०च्या दशकांतल्या इंग्रज-फ्रेंच युद्धात शिपाई बंदुकीची दारू बैलाच्या शिंगात ठेवत. शिंग उकळून, खरवडून पातळ करायचं, रुंद बाजूला लाकडी बूड बसवायचं, निमुळत्या तोंडाला गुडदी मारायची, आणि मग सुईच्या टोकाने त्यावर नद्या, वाटा आणि किल्ले कोरायचे. मालकाचं नाव, साल आणि शुद्धलेखनाच्या चुकांसकट. आपली मुलं गोणपाटावर जे करतात तेच त्यांनी शिंगावर केलं. तिथले हौशी कारागीर आजही अशी शिंगं करतात, स्पर्धांत मांडतात, आणि शिंग-कारागिरांच्या मंडळीत उमेदवारापासून उस्तादापर्यंत पायऱ्या आहेत. अशा शिंगाची पारख कोरीवकामापासून सुरू करून चालत नाही. आधी पाहायचं ते बूड घट्ट आहे की नाही, आत ओल शिरते की नाही. दारू भिजली, तर वर कोरलेला किल्ला शत्रूला दाखवण्यापुरताच उरतो. शिंगात पाणी जाऊ नये आणि गडावर पाणी असावं, या दोन साध्या वाक्यांत दोन्ही कलांचं परीक्षण बसतं. नक्षी त्यानंतर.

आणि मोठ्या माणसांना कारणं मिळतातच की. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत राजगड आहे. शेजारचा तोरणा नाही, रोहिडाही नाही. त्याआधी तज्ज्ञ गडांवर येऊन गेले, लेखी मूल्यमापन झालं, ठरलेल्या निकषांवर बोट ठेवलं गेलं, आणि बैठकीत या विषयावर जवळपास तासभर चर्चा झाली. साडेतीनशे वर्षांहून जुन्या, निकालाशी काडीचंही देणंघेणं नसलेल्या दगडांना कारणं लेखी मिळतात. आणि हात अजून मातीने माखलेल्या, कारणासाठी जीव टांगणीला लागलेल्या मुलाला मिळतं ते प्रमाणपत्र, त्यावर नाव चुकलेलं.

यावर आक्षेप येणार, आणि यावेत. पहिला आक्षेप: मुलांचा खेळ आहे, त्यात चुका काय काढायच्या? कोवळी मनं दुखावतील. पण चूक सांगितल्याने मन दुखावतं त्याहून ती न सांगितल्याने जास्त दुखावतं. कारण मिळालं नाही, की मूल ते घरी विचारतं, आणि घरी एकच उत्तर तयार असतं: वशिला. दहाव्या वर्षी ‘माझ्या गडावर टाकं नव्हतं’ हे शिकलेलं मूल बरं, की ‘परीक्षक त्यांच्या आळीतले होते’ हे शिकलेलं? दुसरं शिक्षण पुढे गावकीत उपयोगी पडतं, हे मान्य. पण त्यासाठी वेगळी स्पर्धा घ्यायची गरज नसते.

दुसरा आक्षेप परीक्षकांचा, आणि तो सहानुभूतीने ऐकण्यासारखा आहे. मानधन नाही, संध्याकाळ एक, किल्ले ढीगभर, आणि प्रत्येक अंगणात चिवड्याची बशी. खरं आहे. पण निबंध कुणी मागितलेला नाही. ‘पायथ्यापासून दरवाजापर्यंत वाट सरळ आहे, ती बुरुजाच्या माऱ्यात आणा’ हे वाक्य लिहायला चिवड्याच्या दोन घासांएवढा वेळ लागतो, आणि पोटालाही तेवढाच आराम. तिसरा आक्षेप कलावंतांचा: कला काय मोजायची गोष्ट आहे? नाहीच. शिवाजी महाराजांच्या मूर्तीसमोर पणती लावताना त्या मुलाच्या मनात जे असतं, त्याला दहापैकी किती, हे कुणी ठरवू नये. पण गडावर पाणी आहे की नाही, दुसरी वाट आहे की नाही, संजीवनी माची करताना तट एकेरी केला की दुहेरी, हे मोजता येतं. आणि जे मोजता येतं ते न मोजता ‘एकूण प्रभाव’ या रकान्यात हवे तेवढे गुण ओतायचे, याला कला म्हणत नाहीत, अंदाजपंचे म्हणतात.

चौथा आक्षेप सर्वांत भारी: स्पर्धाच कशाला? मुलांना मातीत खेळू द्या. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, कारण तो बराचसा बरोबर आहे. स्पर्धा नव्हत्या तेव्हाही किल्ले होत होते, आणि दिवाळी सरली की सुतळी बॉम्ब लावून ते उडवण्यात जो आनंद होता, त्याला परीक्षक लागत नव्हता. तट जाड की पातळ, हा निकाल तो बॉम्बच देऊन टाकायचा, तोही कारणासकट. तेव्हा स्पर्धा बंद केली तर माझी हरकत नाही. पण मंडळांना मंडप घालायचा आहे, पाहुणे बोलवायचे आहेत, डबे वाटायचे आहेत. मग स्पर्धा घ्यायचीच असेल, तर तिने निदान सुतळी बॉम्बाएवढं तरी शिकवावं.

‘उत्तेजनार्थ’ हा शब्द मुळात सुंदर आहे. त्यात पुढच्या वेळेचं आमंत्रण आहे. त्या शब्दाखाली नुसती सही असली, तर मात्र ते पत्ता नसलेलं आमंत्रण होतं. म्हणून येत्या दिवाळीत भोर-वेल्ह्यात परीक्षक म्हणून जाणाऱ्यांना एक विनंती. अंगणात शिरल्यावर आधी मागच्या डोंगराकडे बघा, मग पुढच्या मातीकडे, आणि काय राहून गेलं ते एका ओळीत त्या मुलाला लिहून द्या. वेगळा कागद लागणार नाही. प्रमाणपत्राची मागची बाजू कोरीच असते.