माळकऱ्यांच्या घरातला सिंह

रविवारी सकाळी सातला मटणाच्या दुकानापुढं, स्टीलचा डबा काखेत मारून मागच्यापुढच्याला शहाणं करत उभा असलेला माणूस दिसला, की समजावं हे आमच्या पेठेतले अण्णा. असा एकेक नमुना कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत असतो. कुणाला कुस्ती तोंडपाठ, कुणाला फुटबॉल. अण्णांना थायलॅकोलिओ.

हा ऑस्ट्रेलियातला नामशेष प्राणी. कांगारूसारखा पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा, पण शिकारी. अण्णांचं त्याच्याशी सूत जुळलं ते घरच्या भानगडीतून. आजोबा माळकरी, वडील माळकरी आणि अण्णांचा रविवार तांबड्या-पांढऱ्याशिवाय उजाडत नाही. चुलत्यांनी भर पंगतीत विचारलं, "कुणाच्या वळणावर गेलास रं?" त्याचं उत्तर अण्णांना पुढं एका पुस्तकात सापडलं.

"ह्याची भावकी बघा," अण्णा रांगेला सांगतात, "कोआला निलगिरीचा पाला खातोय, वॉम्बॅट गवत. सगळी माळकरी! ह्यो एकटा मटणावर आला."

'डायनासोर' हा शब्द देणाऱ्या रिचर्ड ओवेननं 1859 साली त्याचं नाव ठेवलं थायलॅकोलिओ कार्निफेक्स, म्हणजे पिशवीवाला खाटीक सिंह. हे ऐकून सुरा चालवणारा दुकानदारही क्षणभर थांबतो. पुढं फ्लॉवर नावाच्या दुसऱ्या पंडितानं 1868 साली म्हटलं, हे दात पाला खाणाऱ्याचे आहेत. या फ्लॉवरवर अण्णांचा राग असा, की तो त्यांचा चुलताच असावा.

दातांचा विषय निघाला की अण्णा रंगात येतात. शाकाहारी पूर्वजांनी धड सुळे ठेवले नव्हते, म्हणून गड्यानं पुढच्या पटाशीच्या दातांचेच सुळे केले. आणि गालाकडची दाढ? लांबलचक पातं, वरखाली मिटणारं. थेट अडकित्ता! ती जागा दाखवायला अण्णा स्वतःचा जबडा उघडतात. तिथं कवळी आहे. मग अंगठ्याचं वाघनख. मग चावा, शंभर किलोच्या देहाला अडीचशे किलोच्या सिंहाच्या तोडीचा. 2002 साली नलारबोर पठारावरच्या गुहांत अखंड सांगाडे मिळाले, तेव्हापासून अण्णांना कुणी खोडून काढलेलं नाही.

"आपल्याकडं का सापडत नाही हो?" मी विचारलं.

"आपल्या बुडाखाली साडेसहा कोटी वर्षांचा लाव्हा हाय. आन् ह्यो कधी ऑस्ट्रेलिया सोडून बाहेर पडलाच न्हाई."

"मग संपला कशानं?" दुकानदारानं तराजू धरत विचारलं.

"चाळीसेक हजार वर्षं झाली. खायला मिळंना झालं असंल." अण्णांनी डबा पुढं केला. "म्हणून म्हणतो, किलोचं दीड कर. नळ्या बघून घाल."

श्रावण मात्र अण्णा कडक पाळतात.