थेंबाचा तपास

केबलचा क्लच मरतो तो बोंबलत. एकेक तार तुटत जाते, लिव्हर जड होतो, शेजाऱ्यालाही कळतं. रस्त्यात तुटलाच तर वायर नाना पेठेत मिळते आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक चहा गार व्हायच्या आत ती बसवून देतो. हायड्रॉलिक क्लच खानदानी. प्लेटा झिजल्या तरी हा मुकाट्याने सांभाळून घेणार, केबलसारखं सारखं जुळवून घ्यायला लावणार नाही. आणि मग एका सकाळी लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकतो. गिअर टाकला की गाडी उडी मारते.

माझ्या मोटरसायकलीखाली तेव्हा एक थेंब होता. सोसायटीत थेंबाचं निदान करायला पदवी लागत नाही. सेक्रेटरी म्हणाले, इंजिन ऑइल, जुन्या गाड्यांना होतंच. वॉचमनच्या मते तो थेंब शेजारच्या स्कूटरचा होता. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका वर हँडलवरच्या डबीत डोकावले आणि निर्वाळा देते झाले, "पातळी उतरली आहे. प्लेटा झिजल्या तुमच्या."

हे ब्रेकला लागू पडतं. ब्रेकचं पॅड झिजलं की डबीतलं तेल खाली जातं. क्लचचं उलटं असतं, प्लेटा झिजल्या की पातळी उलट चढते. म्हणजे क्लचचं तेल उतरलं तर त्याला दुसरी निष्पाप सबब नाही, ते कुठून तरी गळतंय. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी घसा खाकरला आणि प्लंबिंगचा विषय काढला.

उरला प्रश्न थेंबाच्या जातीचा. बशीभर पाण्यात तो सोडला. इंजिन ऑइल असतं तर तरंगलं असतं, हा विरघळून गेला. म्हणजे डॉट ४, ब्रेकमध्ये असतं तेच. "आता ती बशी गाडीचीच," घरातून निकाल आला. योग्यच होता, ते तेल विषारी असतं.

गाडी हलेना म्हणून मेकॅनिकच पार्किंगमध्ये आला. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर त्याने काढलं आणि मागे सरकला. "काका, हा अख्खा दिवेघाट आत बसलाय!" क्लचचा खालचा सिलेंडर नेमका तिथेच असतो. चेन तिच्यावरचं वंगण आणि रस्त्यावरची माती इमानेइतबारे त्याच्यावर फेकत राहते आणि पिस्टनचं रबरी सील त्या चिकट राड्यात झिजतं. आतल्या भिंतीवर ओरखडे नव्हते, त्यामुळे नव्या सीलवर भागलं, नाहीतर अख्खा सिलेंडर बदलावा लागतो. मदतनीस पोरगा ग्रीसचा डबा घेऊन आला, त्याला मेकॅनिकने हाकललं. साध्या ग्रीसने हे रबर फुगतं, सील ताज्या डॉट ४ मध्येच बुचकळून बसवायचं. काकांनी माळ्यावरची अर्धी बाटली उदारपणे देऊ केली. हे तेल हवेतली ओल पितं. कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं, ओल मुरली की तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. बाटली माळ्यावर परत गेली.

मग हवा काढायची. एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली निप्पल सोडून पुन्हा आवळायचा. तो आवळण्याआधी वरच्याने हात सोडला की हवा परत आत. या कामाला सेक्रेटरींना तोड नाही. इतकी वर्षं खुर्ची न सोडलेल्या माणसाला लिव्हर धरून ठेवणं काय जड? लिव्हर पहिल्यांदा मऊ, मग हळूहळू घट्ट झाला. टाळ्या पडल्या.

फक्त एक झालं. हे तेल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्याने धुवायचं असतं. पण तेव्हा सगळे निदानात गुंतले होते. फरशीवर रंगवलेल्या माझ्या पार्किंग नंबरातल्या इंग्रजी आठाची डावी बाजू गेली आणि तीन उरला. दुसऱ्या दिवशी तीन नंबरवाल्यांनी तिथे आपली दुसरी गाडी आणून लावली. आठ परत रंगवण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. तीन नंबरवाल्यांनी आत्ताच लेखी हरकत घेतली आहे.