शून्य दोनशे सत्तावीस

पणजीत पोर्तुगीज पासपोर्टचे कागद करायचे म्हटले की माणसाला वकील लागतो, अनुवादक लागतो, नोटरी लागतो. आणि या तिघांचे हात ओले करूनही घोडं कुठेतरी अडतं, तेव्हा त्याला तिल्दबाब लागतात. त्यांचं खरं नाव जिन्याखालच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचून वर कुणी येत नाही. 'तो चिन्हां घालपी खंय बसता?' असं विचारलं की चहावाला किटली न ठेवता हनुवटीने जिना दाखवतो. पाटी न वाचलेलीच बरी. तिच्यावर मराठीत 'भाषातंर' असं लिहिलेलं आहे आणि ते गेली कित्येक वर्षं त्यांच्या नजरेला आलेलं नाही. नजर सगळी पोर्तुगिजात गुंतलेली.

पोर्तुगीज लिपी रोमनच, पण अंगावर दागिने घालून वावरणारी. कुठे डोक्यावर तिरकी रेघ, कुठे टोपी, कुठे ए आणि ओ यांच्या माथ्यावर नागमोडी तिल्द, आणि सीच्या पायात शेपटी. लिस्बनमधल्या कीबोर्डवर शेपटीवाल्या सीला एलच्या शेजारी स्वतःची पक्की जागा आहे. आपल्याकडे दुकानात मिळतो तो अमेरिकन वळणाचा कीबोर्ड. त्यावर डॉलर आहे, टक्का आहे, गणितातले कंस आहेत. जुआंवला मात्र जागा नाही. ती जागा करून देणं हे तिल्दबाबांनी आयुष्याचं काम मानलं आहे.

'तुम्हाला पोर्तुगीज बोलता येतं का?' या प्रश्नाला ते 'लिहिता येतं' असं उत्तर देतात. तेही अर्धंच खरं. त्यांना येतात ते आकडे. आल्ट कळ दाबून धरायची, उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर चार आकडे मारायचे, आल्ट सोडायची. शून्य दोनशे सत्तावीस मारलं की तिल्दवाला ए. शून्य दोनशे एकतीस म्हणजे शेपटीवाला सी. ही बाराखडी त्यांच्या जिभेवर इतकी बसली आहे की फोनवर स्पेलिंग सांगतानाही ते 'जे, ओ, शून्य दोनशे सत्तावीस, ओ' असं सांगतात आणि समोरचा गप्प झाला की 'जुआंव हो, जुआंव!' म्हणून खेकसतात. ब्राझीलने २००९ पासून नवं शुद्धलेखन लागू केलं आणि यूच्या डोक्यावरची दोन टिंबं काढून टाकली. तिल्दबाबांनी शून्य दोनशे बावन्न अजून विसरायला घेतलेला नाही. निवृत्त माणसाशी बोलणं सोडतात का, असं विचारतात.

आणि अंतोनिओ! पोर्तुगालचा अंतोनिओ ओवर तिरकी रेघ लावतो, ब्राझीलचा टोपी घालतो. शून्य दोनशे त्रेचाळीस आणि शून्य दोनशे चव्वेचाळीस. एका आकड्याचा फरक, पण मध्ये अख्खा अटलांटिक. विश्वचषकाच्या दिवसांत सारा गोवा ब्राझील की पोर्तुगाल यावर हातघाईला येतो, तेव्हा तिल्दबाब टीव्हीसमोर खुर्ची अगदी पुढे ओढून बसतात. गोल कुणी मारला ते त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं. ते पाहत असतात खेळाडूंच्या पाठी.

चार आकड्यांतलं पहिलं शून्य फार महत्त्वाचं. ते गाळून नुसते दोनशे सत्तावीस मारले, तर त्यांच्या यंत्रावर तिल्दच्या जागी ग्रीक पाय उमटतो. एका नवशिक्या टायपिस्टाने एका बाप्तिस्मा झालेल्या, सत्तर वर्षांच्या, दम्याच्या रुग्णाच्या नावात असा पाय घातला होता. तिल्दबाबांनी कागद उजेडात धरला आणि विचारलं, 'ह्याचा परीघ काढायचाय?'

बऱ्याच लॅपटॉपना आकड्यांची वेगळी पट्टी नसते. म्हणून ती पट्टी ते स्वतःची बाळगतात, वायरसकट, चष्म्याच्या जुन्या घरात घालून. दुसऱ्या खिशात बारीक टोकाचं काळं पेन. ते लग्नपत्रिकांसाठी. पत्रिका हातात पडली की आधी मुलीच्या आजीचं नाव पाहायचं, मग 'कोंसेसांव'मधली शेपटी आणि तिल्द पेनाने जागच्या जागी घालायची, आणि मग मुहूर्त कधीचा ते वाचायचं. आपल्याकडे जुने मुद्रितशोधक होते, लग्नाच्या पंगतीत बसून मेनूकार्डावरचे अनुस्वार तपासणारे. त्यांचे हे चुलतभाऊ.

गिऱ्हाईक कुठून येतं, तर इतिहासातून. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या आधाराने मुला-नातवंडांना, लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. मग त्या पासपोर्टवर इंग्लंड, बऱ्याच जणांचं स्विंडन. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं आणि २०२० च्या अखेरीस तो दरवाजा लोटला गेला, तरी जिन्यावरची पावलं थांबलेली नाहीत. यात हिंदू घरंही आहेत. शेणव्यांचे सिनाय, कामतांचे कामोतीं, नायकांचे नाईके असे जुन्या पोर्तुगीज नोंदींतून आजोबा काढून आणतात. तिल्दबाब तो कागद वर-खाली पाहतात आणि खट्टू होतात. 'तुमच्या आजोबांत काहीच काम नाही हो.' क्यू आहे, एक्स आहे, पण डोकं बोडकं. अशा कागदाचे ते पैसेही थोडे कमी घेतात.

खरा कस लागतो तो ख्रिस्ती आडनावांत. आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत लोरेंसो शेपटीवाला. बापाच्या शाळेच्या दाखल्यात शेपटी छाटलेली, कारण गुरुजींच्या यंत्रावर ती नव्हतीच. बँकेतला कारकून त्याला 'लॉरेन्को' म्हणून हाक मारतो आणि तोही आताशा ओ देतो. लिस्बनला पाठवायच्या कागदात हा आणि तो वेगळे दिसू नयेत म्हणून एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं. असं एक प्रतिज्ञापत्र तिल्दबाबांनी काचेखाली जपून ठेवलं आहे. कोर्टासमोर बसणाऱ्या एका टंकलेखकाने ते केलं होतं. त्याच्याकडेही शेपटी नव्हती. त्यामुळे शपथेवर, शिक्क्यासकट, तिकिटासकट, अशिलाने जाहीर केलं आहे की लोरेंको ऊर्फ लोरेंको या दोन वेगवेगळ्या नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. स्पेलिंग दोन्हीकडे अक्षरशः तेच. खाली दोन साक्षीदार. एवढं निर्विवाद प्रतिज्ञापत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढे त्यांच्या भाच्याने मामाचे हाल पाहवेनात म्हणून यंत्रात 'यूएस इंटरनॅशनल' नावाची मांडणी चालू करून दिली. तिच्यात आकडे नकोत. आधी चिन्हाची कळ दाबायची, पडद्यावर काहीच उमटत नाही, मग अक्षर दाबायचं. दोघं मिळून बाहेर येतात. जुन्या पोर्तुगीज टंकलेखन यंत्रात हीच युक्ती होती. चिन्ह उमटायचं पण गाडा जागचा हलायचा नाही, अक्षर येऊन त्याच्याखाली उभं राहायचं. तिल्दबाबांच्या कोपऱ्यात तसं एक यंत्र आहे, एच-सी-ई-एस-ए-आर या क्रमाने सुरू होणारं. कळांचा तो क्रमही सालाझारच्या राजवटीने १९३७ मध्ये हुकूम काढून ठरवला होता. हुकूमशहाने कीबोर्डात लक्ष घातलं ही एकच गोष्ट तिल्दबाब त्याच्या खात्यावर जमा धरतात.

तर नवी मांडणी आली, आणि पहिलंच गिऱ्हाईक निघालं डिकोस्टा. डी मारला. मग अपॉस्ट्रॉफी मारली, ती दिसेना. पुढे मोठा सी मारला, आणि अपॉस्ट्रॉफी सीच्या पोटात शिरून शेपटी होऊन खाली लोंबली. डिकोस्टाचा 'डसोस्टा' झाला. बाप, आई, तीन मुलं, सगळं घराणं शेपटीसकट छापून बाहेर आलं. डिसोझा आले असते तर सहीसलामत सुटले असते, कारण एसला शेपूट नसते. डिआल्मेदा आले असते तर एच्या डोक्यावर रेघ चढली असती. भाच्याने फोनवर सांगितलं की अपॉस्ट्रॉफीनंतर स्पेसबार दाबा म्हणजे ती सुटी होते. पण तिल्दबाब कागदाकडे पाहतच राहिले होते. 'ही अपॉस्ट्रॉफी इंग्रजी वळणाची. मूळ आडनाव दा कोश्ता. यंत्राला इतिहास कळतो हो!'

'इतिहास रावूं दी, बाब,' डिकोस्टा म्हणाला, 'आधारार आसा तशें बरय.'

दुसऱ्या एका पोराच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. तिथे याच दोन कळा दाबल्या तर सीच्या बुडाला शेपटी येण्याऐवजी डोक्यावर रेघ आली. तिल्दबाबांनी हात मागे घेतला. 'हा सी पोलंडचा. ह्याचे कागद वॉर्सात जातील.'

कधी सगळं नीट टाइप होऊनही दुसऱ्या टोकाच्या यंत्राला अक्षरं वाचता येत नाहीत, आणि मग तिल्दवाल्या एच्या जागी एक मोठा ए आणि शेजारी पौंडाचं चिन्ह छापून येतं. स्विंडनला निघालेल्या एका जुआंवने तो शकुन मानला आणि कागद बदलू देईना. त्याला खुर्चीत बसवून, पाणी पाजून, त्याच्या नावातला पौंड काढावा लागला.

बरं, मोबाइलवर अक्षर जरा दाबून धरलं की त्याची सगळी भावंडं वर ओळीने उभी राहतात, हे त्यांना कुणी दाखवलं नाही असं नाही. पुतणीने दाखवलं. ते म्हणाले, 'हे टाइप करणं नव्हे, हे निवडणूक घेणं.' त्रिस्तांव द ब्रागांसा कुन्हा हे त्यांचं दैवत. नावात एक तिल्द, एक शेपटी. गोव्याच्या मुक्तीसाठी लढले म्हणून १९४६ मध्ये अटक करून त्यांना पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात नेऊन कोंडलं. आणि आपण काय केलं, तिल्दबाब विचारतात, तर रस्त्यावर 'टी. बी. कुन्हा' लिहून दोन्ही चिन्हं वाचवली.

गेल्या महिन्यात तो पौंडवाला जुआंव नवाकोरा पासपोर्ट आणि दोदोलचा डबा घेऊन आला. तिल्दबाबांनी डबा बाजूला सारला. नावाच्या ओळीत तिल्द होती, जागच्या जागी, ताठ. त्यांनी दोनदा पाहिलं, मान डोलावली. मग पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, चव्वेचाळीस-चव्वेचाळीस खुणांच्या, तिकडे नजर गेली. तिथे जुआंव बोडका. त्या ओळींत ए ते झेड, आकडे आणि रिकाम्या जागी बाण, एवढ्यालाच परवानगी. जगातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट घ्या, तिथे सगळ्यांची मुंज झालेली.

'हा नियम कुणाचा?'

भाच्याने शोधून सांगितलं, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा.

'ती कुठे असते?'

'मॉन्ट्रियल, कॅनडा.'

तिल्दबाबांनी कोरा कागद लावला, चष्मा पुसला. 'मॉन्ट्रियल फ्रेंच ना? ईवर रेघ असेल. शून्य दोनशे तेहतीस.' आल्टवर अंगठा ठेवून ते मजकुराच्या आधी पत्ताच टाइप करायला बसले. जुआंव दोदोल कापू लागला.